दाणा भरतो कशाने?

उन्हाळा लागला की आमच्या घरी गहू भिजत पडायचे. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी ते वाटायचे आणि फडक्यातून पिळून पिळून चीक काढायचा. पातेलं रात्रभर न हलवता ठेवलं की सकाळी वर पिवळसर पाणी आणि तळाशी घट्ट, गुळगुळीत पांढरा थर. वरचं पाणी ओतून द्यायचं, खालचा चीक हिंग-मीठ घालून शिजवायचा आणि सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. फडक्यात उरलेला चोथा म्हशीच्या पाटीत जायचा. एखादी काटकसरी काकू त्याच्या भुसवड्या घालायची. या धांदलीत आजीचं एक वाक्य दरवर्षी ठरलेलं असे. "यंदाच्या गव्हाला चीक बरा सुटलाय", नाहीतर, "यंदा चीक कमीच". मला वाटायचं, पिळून हात दुखले की आजी असं म्हणते. गहू तो गहू, त्यात चीक कमी-जास्त कशाला होईल?

आजीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, हे कळायला बरीच वर्षं गेली.

आजी पातेल्यात जे करत होती, तेच इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेक्कारी या वैद्यानं १७२८ मध्ये विद्वानांपुढे मांडलं होतं. त्यानं गव्हाचं पीठ मळून पाण्यात धुतलं. पांढरं सत्त्व पाण्याबरोबर निघून गेलं आणि हातात एक चिवट, लवचिक गोळा उरला. त्याचं नवल असं, की तो कुजला तर मांसासारखा कुजत होता. असा पदार्थ प्राण्यांच्या शरीरातच असतो, अशी तोवरची समजूत. तो गव्हात कुठून आला? हा गोळा म्हणजे ग्लुटेन, गव्हातली मुख्य प्रथिनं. लहानपणी मूठभर कच्चे गहू चघळत बसून ज्यांनी फुकटचं च्युइंगम केलंय, त्या सगळ्यांनी बेक्कारीचा प्रयोग तोंडातल्या तोंडात केलेला आहे.

शंभर ग्रॅम गव्हात साठ ते सत्तर ग्रॅम चीक, म्हणजे स्टार्च असतो. प्रथिनं आठ ते पंधरा ग्रॅम. बाकी पाणी, कोंड्याचे धागे, थोडं तेल आणि जेमतेम दीड-दोन ग्रॅम खनिजं. या आकड्यांतला 'आठ ते पंधरा' जरा थांबून पाहण्यासारखा आहे. जवळजवळ दुपटीचा फरक! तो वाणामुळे पडतोच, पण एकच बियाणं दोन शेतांत, दोन तऱ्हांनी पिकवलं तरीही पडतो. शेतकरी म्हणतो, "दाणा चांगला भरला." तो कशाने भरला, हे बऱ्याच अंशी त्या शेतकऱ्याच्या हातात असतं.

पिवळं पडणारं शेत

गव्हाच्या दाण्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून माल येतो. चीक बनतो कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा. म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी. त्यातला बराचसा फुलोऱ्यानंतरच्या महिना-सव्वा महिन्यात, ओंबीलगतचं शेवटचं पान आणि खुद्द हिरवी ओंबी यांनी उन्हात बसून केलेला असतो. ताजी कमाई, रोजच्या रोज दाण्यात जमा.

प्रथिनांचं तसं नाही. त्यांना नत्र लागतं, गंधक लागतं आणि ते मातीतूनच यावं लागतं. गव्हाचं रोप हे नत्र बहुतेक फुलोऱ्याच्या आधीच गोळा करतं आणि पानांत गुंतवून ठेवतं. दाणा भरायला लागला की रोप एक विलक्षण काम हाती घेतं. ते स्वतःची पानं मोडायला काढतं. प्रकाशसंश्लेषण करणारी प्रथिनं सुटी होतात, त्यांचे तुकडे देठातून वर ओंबीकडे चालू लागतात, सोबत जस्त आणि लोहही निघतं. दाण्यातल्या नत्राचा मोठा वाटा असा पानांतून उचलून आणलेला असतो. फेब्रुवारीत गव्हाचं शेत सोन्यासारखं पिवळं दिसतं तेव्हा आपण म्हणतो, पीक वाळलं. प्रत्यक्षात ती घरं रिकामी करून चालवलेली वाहतूक असते. पिवळेपणा ही मागे राहिलेली रिकामी भिंत.

ही वाहतूक कधी सुरू करायची, हे ठरवणारं एक जनुकही सापडलं आहे. आजच्या इस्राएलमधल्या रोश पिना गावाजवळ १९०६ मध्ये आरोन आरोनसन या संशोधकाला रानात वाढणारा गहू आढळला होता. आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरकडच्या खपली गव्हाचा तो रानटी पूर्वज. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या होर्हे दुबकोव्स्की यांच्या गटानं या रानगव्हातलं 'नॅम-बी१' हे जनुक ओळखलं. त्याच्या कुळातली जनुकं गप्प केली तर पानं तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवी राहिली आणि दाण्यातलं प्रथिन, जस्त आणि लोह तीस टक्क्यांहून जास्त घटलं. हिरवंगार टिकलेलं पीक आणि आतून गरीब दाणा! पानानं वेळेवर मरणं हे दाण्याच्या पोषणासाठी किती मोलाचं आहे, ते या प्रयोगानं दाखवून दिलं.

पाणी केव्हा, खत केव्हा

महाराष्ट्रात बागायती गव्हाला पाण्याच्या चार पाळ्या महत्त्वाच्या मानतात. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटताना, चाळिशीच्या सुमारास कांडी धरताना, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि दाणा चिकात असताना, आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणे भरताना. 'दाणा चिकात' हा शब्द कुरडईच्या पातेल्यातून शेतात गेला की शेतातून पातेल्यात आला, कुणास ठाऊक. पण शब्द अचूक आहे. त्या दिवसांत दाणा चिमटला की आजीच्या पातेल्यातलं तेच पांढरं दूध बोटाला लागतं.

आता पाणी भरपूर दिलं आणि नत्र मात्र जेमतेम राहिलं, तर काय होईल? पानं उन्हात कामाला लागतील, चीक भरपूर होईल, दाणा टपोरा दिसेल. पण तेवढंच नत्र जास्त चिकात विभागलं जाईल. दुधात पाणी घातलं की दूध वाढतं, साय वाढत नाही, तसं. हे डोळ्यांनीही दिसतं. बन्सीसारखा कडक गहू नीट पोसला तर उजेडात धरल्यावर मधासारखा आरपार चमकतो. नत्र कमी पडलं की त्याच दाण्यावर पिठूळ, अपारदर्शक पांढरट डाग पडतात. चिकाच्या कणांना सांधणारा प्रथिनांचा गारा तिथे अपुरा पडलेला असतो, कणांमध्ये हवा शिरते आणि उजेड आत जायचा थांबतो. बाजारात गव्हाच्या पोत्यात हात घालून चार दाणे दाताखाली फोडणारा जाणकार नकळत हाच गारा तपासतो. कडक फुटला तर प्रथिन, पिठासारखा भुगा झाला तर चीक. कोरडवाहू बन्सीचं जे कौतुक जुन्या माणसांच्या तोंडी असतं, त्याचं एक कारण इथे आहे. पाण्याअभावी त्याचं पीक थोडं येई, पण आलेल्या दाण्यात नत्राची दाटी असे.

खताची वेळही अशीच बोलते. आपल्याकडे बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे; निम्मं पेरताना, निम्मं तीन आठवड्यांनी. हे लवकरचं नत्र फुटवे वाढवतं, ओंब्या वाढवतं, म्हणजे पोती वाढवतं. उशिरा, ओंबी बाहेर पडताना किंवा त्यानंतर दिलेलं नत्र पोती फारशी वाढवत नाही; ते जवळजवळ सरळ प्रथिनात जातं. इंग्लंडमध्ये पावासाठी गहू घेणाऱ्या गिरण्या साधारण १३ टक्के प्रथिन मागतात, म्हणून तिथले शेतकरी हंगामाच्या शेवटी युरियाचा एक जादा हात फिरवतात. शेणखतावरच्या शेतीत नत्र मातीतल्या जिवाणूंच्या सवडीनं, हळूहळू सुटतं. थंडीत तर आणखी सावकाश. म्हणून सेंद्रिय गव्हात प्रथिनाचा आकडा बहुधा थोडा कमी भरतो.

टक्केवारी फसवी असते, हेही इथेच सांगायला हवं. पेरणी डिसेंबरवर ढकलली आणि फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं, तर दाण्याला भरायला दिवसच मिळत नाहीत. चीक घडवणारं यंत्र तिशीपलीकडच्या तापमानाला हळवं असतं, ते आधी मंदावतं. प्रथिनांची आवक त्या मानानं चालू राहते. दाणा सुरकुततो आणि त्यातल्या प्रथिनाची टक्केवारी वाढलेली दिसते. प्रथिन वाढलेलं नसतं, चीक बुडालेला असतो. आजीचं "यंदा चीक कमीच" म्हणजे बहुधा असलाच एखादा उशिरा पेरलेला, उन्हानं गाठलेला गहू.

धुराची खैरात

गंधकाची गोष्ट तर कादंबरीसारखी. ग्लुटेनला ताण देतात ते गंधकाचे दुवे; दोन प्रथिनांना एकमेकांत अडकवणारे आकडेच म्हणा. गेल्या शतकात युरोपातल्या कारखान्यांचा आणि वीजघरांचा कोळसा जळत होता, त्याच्या धुरातलं गंधक पावसाबरोबर शेतावर उतरत होतं. शेतकऱ्याला ते विकत घ्यावं लागत नव्हतं. मग हवा शुद्ध करण्याचे कायदे आले, चिमण्यांना गाळण्या बसल्या, आणि काही वर्षांतच गव्हाच्या शेतांना गंधकाची टंचाई भासू लागली. धूर गेला, आणि त्याबरोबर फुकटचं खतही.

गंधक नसलं की रोप हातावर हात धरून बसत नाही. ते गंधकाविना जमणारी प्रथिनं जास्त करतं, कणीक बिघडते. आणि उरलेलं नत्र ॲस्परजिन नावाच्या साध्या रेणूत साठवतं. गंधकाची फार उपासमार झालेल्या गव्हात हे मोकळं ॲस्परजिन कित्येक पटींनी वाढतं. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं, की तळलेल्या-भाजलेल्या पिठूळ पदार्थांत ॲक्रिलामाइड हे संशयास्पद रसायन तयार होतं. त्याचा कच्चा माल म्हणजे हेच ॲस्परजिन आणि साखर. म्हणजे शेतात गंधकाची एक मात्रा चुकली, तर तिचा हिशेब महिन्यांनी भट्टीत निघू शकतो. आपल्याकडे धूर कमी झाला नसला तरी खतं बदलली. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये साधारण ११ टक्के गंधक असायचं, अमोनियम सल्फेटमध्ये २४. त्यांची जागा घेणाऱ्या युरिया आणि डीएपीत ते नाही.

बाटल्यांतला काळ

हे सगळं तपासायला जुना गहू हवा. तो लंडनच्या उत्तरेला हार्पेन्डन गावी आहे. जॉन बेनेट लॉज हे तिथल्या रॉथमस्टेड इस्टेटीचे मालक आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट हे रसायनतज्ज्ञ. या दोघांनी १८४३ मध्ये ब्रॉडबॉक नावाच्या शेतात एक साधा प्रयोग सुरू केला. एका पट्ट्याला काहीच खत नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, बाकीच्यांना नत्र-स्फुरद-पालाश वेगवेगळ्या मापानं. पीक एकच, गहू. दोघांनी ५७ वर्षं हे काम चालवलं, त्यांच्यामागून इतरांनी. शेत आजही चालू आहे. खरी दूरदृष्टी पुढची. कापणीनंतर थोडे दाणे, थोडा पेंढा आणि मातीचे नमुने ते बाटल्यांत भरून, चिठ्ठी लावून ठेवत गेले. आज असे सुमारे तीन लाख नमुने तिथे मांडणीवर आहेत. कशासाठी जपायचे, हे त्यांना माहीत नव्हतं. जस्ताचं मोजमाप पुढे कुणी करील, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

२००८ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी १८४५ पासूनचे दाणे काढून तपासले. जवळजवळ सव्वाशे वर्षं दाण्यातलं जस्त, लोह, तांबं आणि मॅग्नेशियम जागच्या जागी होतं. १९६० चं दशक अर्ध्यावर आलं आणि आलेख खाली झुकला. पहिला संशय मातीवर जातो, तिचा कस गेला असेल. पण त्याच बाटल्यांतल्या मातीनं साक्ष दिली, की तिच्यातली खनिजं कमी झालेली नाहीत. खत न घातलेल्या पट्ट्यातही दाणा हलका झाला होता. बदललं होतं ते बियाणं. त्याच सुमारास उंच गव्हाच्या जागी बुटका, भरघोस वाण आला होता. तो आपली कमाई काडाऐवजी दाण्यात घालतो, चीक भरपूर करतो, आणि मुळांनी आणलेली खनिजं मात्र त्या जास्तीच्या चिकात विरळ होतात.

आपल्याकडेही हे पडताळून पाहिलं गेलं. पश्चिम बंगालमधल्या विधानचंद्र कृषी विश्वविद्यालयातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या दशकांतले भारतीय वाण शेजारी शेजारी कुंड्यांत वाढवले. १९६० च्या दशकातल्या गव्हात किलोमागे ३३.३ मिलिग्रॅम जस्त, २०१० च्या दशकातल्या वाणांत २३.५, लोह ५७.६ वरून ४६.४. माती तीच, पाणी तेच, खत तेच. ज्या बुटक्या गव्हानं देशाची भूक भागवली, त्याचाच हा दुसरा हिशेब आहे; एक मांडताना दुसरा पुसायचं कारण नाही.

जस्त, बुरशी आणि फवारा

सुदैवानं हा आलेख उलटा वळवता येतो. एक वाट बियाण्याची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेला एमएसीएस ४०२८ हा बन्सी जातीचा गहू घ्या. कोरडवाहूसाठी, १०२ दिवसांत तयार होणारा, प्रथिन १४.७ टक्के, जस्त किलोमागे ४०.३ मिलिग्रॅम.

दुसरी वाट मशागतीची. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्त नसतं असं नाही. ते कुलूपबंद असतं. ते कुलूप उघडायला गव्हाची मुळं एका बुरशीशी सोयरीक करतात. केसाहून बारीक धागे पसरून ही बुरशी मुळांना न पोचणारं जस्त आणि स्फुरद आणून देते, बदल्यात साखर घेते. पण शेतात विरघळणारं स्फुरद ओंजळीनं टाकलं, की रोपाला बुरशीची गरज उरत नाही. सोयरीक तुटते आणि स्फुरदाबरोबर येणारं जस्तही थांबतं. वर जास्तीचं स्फुरद दाण्यात फायटिक आम्लाच्या रूपानं साठतं, आणि ते आपल्या पोटात जस्त-लोहाला धरून ठेवतं. एका खताची मूठ जास्त झाली, तर दुसरं पोषण दोनदा हरवतं: एकदा शेतात, एकदा पोटात.

तुर्कस्तानात अनातोलियाच्या पठारावर १९९० च्या दशकात इस्माईल चाकमाक यांनी जस्ताच्या खतानं गव्हाची शेतं पालटून दाखवली. पुढे भारतासह सात देशांत प्रयोग झाले तेव्हा एक मजेशीर गोष्ट कळली. मातीत टाकलेल्या जस्तानं दाण्यात फारसा फरक पडेना. तेच जस्त विरघळवून हंगामाच्या उत्तरार्धात पानांवर फवारलं, तर दाण्यातलं जस्त किलोमागे २७ मिलिग्रॅमवरून ४८ वर गेलं. का, ते आपल्याला आता ठाऊक आहे. पानं मोडून माल ओंबीकडे निघायच्या ऐन वेळी तो फवारा पानांवर पडला होता. निघालेल्या बैलगाडीत एक पोतं जास्तीचं टाकावं, तसं.

मात्र मातीचं दान नेहमी हवंहवंसंच असतं असं नाही. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी नवांशहर-होशियारपूर भागात काही जमिनींत सेलेनियम फार आहे आणि तिथला गहू ते उचलतो. उलट फिनलंडची माती सेलेनियमला इतकी पारखी, की १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे ते खतातच मिसळलं जातं. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून बोट ठेवलं ते रेशनवर बाहेरून आलेल्या गव्हातल्या सेलेनियमवर. एका प्रांताची माती दुसऱ्या प्रांतातल्या माणसाच्या अंगात उतरू शकते, ती पोळीवाटे.

आणि वरून हवाही बदलते आहे. भावी काळात हवेत असेल इतका, म्हणजे दशलक्षात साधारण ५५० भाग कार्बन डायऑक्साइड उघड्या शेतात सोडून गहू वाढवला, तेव्हा दाण्यात जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिन ६.३ टक्के कमी भरलं. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. हवेतली आवक वाढली, मातीतली तेवढीच राहिली. पुन्हा तेच, चीक पुढे आणि बाकीचं मागे.

परवा कुरडई तळताना हे सगळं आठवलं. कढईत ती फुलून पांढरीशुभ्र वर आली. तिच्यात जवळपास निव्वळ चीक, म्हणजे उन्हानं बांधलेली हवा आणि पाणी. गव्हानं मातीतून वेचून आणलेलं जस्त, लोह आणि बरंचसं प्रथिन कोंड्याच्या आतल्या थरात, अंकुरात आणि त्या चिवट गोळ्यात असतं. म्हणजे फडक्यात उरलेल्या चोथ्यात. इतकी वर्षं आम्ही हवा तळून खात होतो आणि शेत म्हशीच्या पाटीत ओतत होतो. म्हैस मात्र हिशेबाला चोख होती. थोडं तिनं दुधातून घरात परत केलं, आणि उरलेलं उकिरड्यावरून पुढच्या पेरणीआधी शेतात गेलं.